हरभऱ्यात राहिलेलं एक धाट

परभणीच्या बाजारात ढाळ्यांचा पहिला गाडा लागला की मी पिशवी न घेताच घराबाहेर पडतो. मुळासकट उपटलेला हिरवा हरभरा, दाणे भरलेल्या घाट्यांनी लगडलेला, जुड्या बांधून गाड्यावर रचलेला असतो. एक जुडी नाकाशी नेली की माझं वय दहा वर्षांनी उतरतं. दोन जुड्या एकदम हुंगायच्या नाहीत असा मी स्वतःला नियम घालून घेतलाय. निवृत्त मास्तर आहे, उगाच पुन्हा हजेरीपटावर घेतील.

गाडेवाला ओळखीचा. तो म्हणतो, "मास्तर, घेता का नुसतं नाक लावूनच झाडाचा जीव काढता?"

"थांब बाबा," मी म्हणतो, "जरा वावरात जाऊन येतो."

आणि खरोखर जाऊन येतो. ताडकळसच्या अलीकडे, ओढ्याच्या काठाला, तीन एकर काळी. माझी नव्हे. माझ्या चुलतभावाच्या बायकोची, सुमनवहिनीची.

त्या वावरातली थंडी तुम्हाला सांगून पटायची नाही. कोंबडा आरवायला तोंड उघडायचा आणि थंडी पोटात जाईल म्हणून तसाच मिटायचा. त्या महिन्यात गावाला जाग यायची ती भुकेनं. अशा थंडीत हरभऱ्याला घाम येतो. हसू नका, खरंच येतो. पानापानावर बारीक आंबट थेंब धरतात, त्याला आंब म्हणतात. वहिनी उजाडायच्या आधी धुतलेलं धोतर पिकावर अंथरायची आणि ऊन चढायच्या आत ते तांब्यात पिळून घ्यायची. कुणाचं पोट दुखलं की चमचाभर आंब. मी एकदा हौसेनं घोटभर प्यालो. त्या दिवसापासून माझे वरचे दात खालच्या दातांशी बोलत नाहीत. त्या पिकातून चार फेऱ्या मारल्या की चपलांचा रंग उडायचा. माझ्या एका जोड्याचं तर चक्क लोणचं झालं, आणि गल्लीतल्या कुत्र्यानं ते तोंडी लावणं म्हणून संपवलं.

पण मी ज्या हंगामाबद्दल सांगतोय, त्यात हसण्यासारखं थोडं होतं आणि ते बहुतेक माझ्यामुळे होतं.

माझा चुलतभाऊ जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. चारही वर्षं वहिनीचं वावर त्याचा थोरला भाऊ सोपानदादा करायचा. माणूस वाईट नव्हता. मळणी झाली की तिच्या वाट्याची पोती तिच्या दारात उतरवायचा, आणि पोत्यांपेक्षा जास्त वाकून उतरवायचा. पण आपलं वावर दुसऱ्यानं पेरलं, दुसऱ्यानं काढलं, आणि आपण फक्त पोत्याचं तोंड सोडलं, यात बाईच्या हाताला काय वाटत असेल हे त्याच्या ध्यानात यायचं काही कारण नव्हतं.

आमच्याकडे जुन्या चालीनं नवऱ्याच्या थोरल्या भावाशी बाई थेट बोलत नाही. मधे कोणीतरी लागतं. आमच्या घरात ते मधलं माणूस मी. वहिनी आणि दादा एकमेकांपासून तीन हातांवर उभे असायचे आणि मी मधे तारखात्यासारखा.

त्या साली दिवाळी सरली आणि वहिनी पदर सावरून म्हणाली, "भावजी, दादांला सांगा, यंदा माजं वावर मी करती."

दादाला ऐकू गेलं होतं. बहिऱ्यालाही गेलं असतं. तरी मी सांगितलं.

दादा भिंतीकडे बघत म्हणाला, "मास्तर, त्यांला सांग, करा. एक साल बघू. माझ्या हातच्या परीस कमी आलं तर पुढल्या साली वावर पुन्हा माझ्याकडं. मग न्हाई म्हणायचं न्हाई."

मी तेही सांगितलं. मात्र थोडं गोड करून. 'दादा म्हणतो, हौस करून बघा,' असं. वहिनीनं माझ्याकडे असं बघितलं की तो गोडवा माझ्याच घशात अडकला. तिनं मूळ ऐकलं होतं ना.

पेरणीच्या दिवशी तिनं हरभऱ्याच्या बियात मूठभर ज्वारी मिसळली. दादा बांधावरूनच हसला. मीही हसलो. ती म्हणाली, "माजी माय असंच करायची." का करायची, ते तिनं सांगितलं नाही. मायला कोणी विचारलंच नसणार.

इथं माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, थोडक्यात, म्हणजे चार पानं भरतील एवढं मनात असूनही. मी विज्ञानाचा मास्तर. अन्नसाखळी शिकवायचा दिवस आला की शेजारच्या वर्गाचे मास्तर आपला तास सोडून दारात उभे राहायचे. फळ्यावर बेडूक काढला की शेवटच्या बाकावर डराव डराव ऐकू जायचं. साप काढला की पहिला बाक पाय वर घ्यायचा. वर कोपऱ्यात सूर्य, त्याच्यापासून झाडाला बाण, झाडापासून अळीला, अळीपासून पाखराला, पाखरापासून ससाण्याला. आणि प्रत्येक बाणावर मी आवाज चढवून सांगायचो, पोरांनो, एकातून दुसऱ्यात जाताना दहातला एकच भाग पुढं पोचतो. नऊ भाग वाटेतच जातात.

हे ज्ञान मी वहिनीच्या चुलीपुढेही पाजळलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "मग ते नऊ जातेत कुटं?"

"उष्णता होऊन उडून जातात. वाया."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "भावजी, चुलीत धा काटक्या घातल्या की भाकरीला एकच लागती. बाकीच्या नऊ भिताडाला, धुराला, अन् त्या मांजराला." चुलीच्या वैलाशी मांजर गोळा होऊन झोपलं होतं. "मांजर ऊबीला बसतंय म्हून घरात उंदीर येत न्हाई. उंदीर न्हाई म्हून दाणा ऱ्हातो. मग ते वाया कसं गेलं?"

मी भाकरी छान झालीय म्हणालो. माझ्या आयुष्यात मी इतक्या घाईनं विषय बदललेला नाही.

हरभरा फुलात आला. जांभळी, गुलाबी, नखाएवढी फुलं. मधून मधून ज्वारीची धाटं कमरेला लागायला लागली होती, आणि त्यांच्यावर पाखरं. काळा, दुभंगल्या शेपटीचा कोतवाल. हिरवेगार वेडे राघू. साळुंक्यांची भांडखोर जोडपी. रविवारी मी बांधावर गेलो तेव्हा वावर नुसतं किलबिलत होतं. आणि त्यात मला दिसले दोन पोपट. एकाच्या चोचीत हरभऱ्याचा कोवळा घाटा.

दोन पोपट बघून मी समस्त पक्षीजात तडीपार करायचं ठरवलं.

"वैनी," मी म्हणालो, "ही धाटं म्हणजे पाखरांच्या खुर्च्या हायत. खुर्ची मांडली की पाहुणा बसणार. पाहुणा बसला की खाणार. उपटा ती."

बघा, इथपर्यंत माझं विज्ञान बरोबरच होतं. पाहुणा काय खातोय एवढंच बघायचं राहिलं.

"माजी माय…" वहिनी म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, "तुमी शिकलेले. दादांच्या परीस कमी यायला नको, एवढंच बघा."

आम्ही दोघांनी मिळून धाटं उपटली. ती ओळीओळीनं, सावकाश. मी धडाधड. तिनं त्यांचा भारा बांधून म्हशीला टाकला, आणि मी बुजगावण्याच्या कामाला लागलो.

असलं बुजगावणं मराठवाड्यानं आधी बघितलं नव्हतं, पुढेही बघणार नाही. अकरा तेलाचे डबे, एक मोडका टेबलफॅन, सायकलच्या साखळ्या, आणि शाळेच्या गॅदरिंगच्या जुन्या कॅसेटींची फीत वावरभर ताणलेली. वारा सुटला की फीत गुणगुणायची, पंखा फिरायचा, साखळ्या डब्यांवर आपटायच्या. तो आवाज ऐकून पिंगळीच्या स्टेशनावर उभी असलेली गाडी सिग्नल न बघताच निघायची. परभणीची कबुतरं हिंगोलीला बिऱ्हाड करून राहिली. शेजारच्या वावरातली म्हैस दूध द्यायची ती थेट लोणीच.

तिसऱ्या दिवशी वावर शांत झालं. म्हणजे डबे वाजत होते, पण त्यांच्या मधल्या वेळात काहीच नव्हतं. ती शांतता मला तेव्हा फार आवडली. मी तिला यश समजत होतो. आता वाटतं, एखाद्या घरात शिरावं आणि जातं, चूल, पाटा, कशाचाच आवाज येऊ नये, तसं होतं ते. घरात कोणी नसल्यासारखं.

मग अळी आली. घाटेअळी. आधी एक-दोन, मग इतक्या की बांधावर कान लावला तर पुऱ्या वावरातून पापड मोडल्याचा आवाज यायचा. घाटा बोटात धरला तर हलका लागायचा. गोल भोक, अळीचं डोकं आत आणि धड बाहेर. जेवताना मागं कोण उभं आहे हे वळून बघायचीही तिला गरज वाटत नव्हती. कोण येणार होतं? मीच सगळ्यांना हाकललं होतं. आम्ही फवारा मारला. अळ्यांनी अंग धुऊन घेतलं आणि पुन्हा पंगतीला बसल्या.

वहिनी रोज येऊन घाटे चाचपायची, भरलेले किती, फुके किती. तिच्या बोटांवर आंबेनं भेगा पडल्या होत्या. एकदाच म्हणाली, "दादांला बरं वाटल. वाईट अर्थानं न्हाई. पर बरं वाटल." ते ऐकून मी घरी आलो आणि त्या दिवशी जेवलो नाही. म्हणजे एकच भाकरी खाल्ली.

पुढच्या रविवारी तिचा निरोप आला. मी गेलो तर ती ओढ्याकडच्या कोपऱ्यात बांधावर बसलेली.

"भावजी, हिकडं या. आवाज करू नका." मग जरा थांबून, "जमल का तुमाला?"

मी बसलो. समोर, पिकात, ज्वारीचं एक धाट उभं होतं. एकच. त्या दिवशी उपटताना माझी कंबर भरून आली होती आणि या कोपऱ्यात मी वाकायचा कंटाळा केला होता. डब्यांपासून सगळ्यात लांबचा कोपरा. धाटावर कोतवाल बसला होता. काळा कुळकुळीत, उन्हात निळा होणारा. त्यानं मान तिरकी केली, दगडासारखा खाली पडला, वर आला तेव्हा चोचीत लोंबती हिरवी अळी. धाटावर दोनदा आपटली, गिळली. पुन्हा मान तिरकी. पुन्हा खाली. आम्ही मोजायला लागलो आणि मोजायचं सोडून दिलं.

"आता त्याच्या खालचा हरभरा बघा," वहिनी म्हणाली.

मी वाकून गेलो. त्या धाटाभोवती, आपल्या घराच्या अंगणाएवढा गोल, घाटे टच्च भरलेले. कुठे एखाद्याला भोक. त्या गोलाच्या बाहेर पाऊल टाकलं की चाळणी.

मी परत येऊन तिच्या शेजारी बसलो. तिनं विचारलं, रागानं नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं, "भावजी, तुमच्या फळ्यावर हे पाखरू न्हवतं का?"

"होतं, वैनी."

"मग?"

माझ्याकडे कशालाही उत्तर असतं. चंद्र कशानं बनलाय इथपासून म्हैस का रुसली इथपर्यंत. त्या 'मग'ला मात्र मी चपला उचलल्या आणि बांधानं घरी निघालो.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी सूर्य काढला, झाड काढलं, अळी काढली. अळीपासून बाण ओढला आणि खडू तिथेच थांबला. वीस वर्षं मी तो बाण ओढत होतो. त्याच्या टोकाशी एक जिवंत काळं पाखरू असतं, त्याला बसायला जागा लागते, ही गोष्ट मला कधी सुचलीच नव्हती. मी बाण काढायचो, बसायला धाट काढत नव्हतो.

त्या संध्याकाळी डबे उतरवले. फीत गुंडाळली. तुरीच्या काड्यांना आडव्या काड्या बांधून वावरभर रोवल्या. रस्त्यानं जाणारे थांबायचे. "मास्तर, क्रिकेटचं मैदान करायलाव का?" "किती टीमा हायत?" मी म्हणायचो, "पाहुण्यांला खुर्च्या मांडायलाव." वहिनी रोज सकाळी कण्या शिजवून आणायची आणि काड्यांच्या बुडाशी मूठ मूठ टाकायची. रुसलेल्या सोयऱ्याला पुन्हा जेवायला बोलवावं तशी.

पहिल्या दिवशी मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी गावातलं कुत्रं, तेच लोणचंवालं. तिसऱ्या दिवशी मी साळुंकीचा आवाज काढून बघितला. ओढ्यापलीकडून एक म्हैस धावत आली. चौथ्या दिवशी कोणी नाही. वहिनी काड्यांकडे बघत उभी राहायची. "मी पाखरू असती तर आली नसती," ती म्हणाली. "एकदा हाकलल्यावर."

सहाव्या दिवशी कोपऱ्यातला कोतवाल आपलं धाट सोडून शेजारच्या काडीवर येऊन बसला. बस, एवढंच. मी वहिनीचा दंड धरला आणि लगेच सोडला. मग दुसऱ्या काडीवर. मग साळुंक्या आल्या, आधी कण्यांसाठी, मग अळ्यांसाठी. पाणी दिलं तसे बगळे आले आणि पंच पाहणीला निघावेत तसे ओळीओळीतून मान उंचावून फिरले. पोपटही आले. त्यांनी घाटे खाल्ले. खाऊ देत. त्यांचाही तो दहातला एक.

त्या दिवसांत मी बांधावर बसून फक्त बघायचो, जे माझ्या स्वभावात नाही. सकाळचं ऊन पानांवर पडायचं. तेच ऊन घाट्यात शिरायचं, घाट्यातून अळीत, अळीतून त्या काळ्या पाखरात. कोतवाल काडीवरून झेप घ्यायचा तेव्हा वाटायचं, ऊनच उडालं. आणि वाटेत सांडलेले ते नऊ भाग? ओल्या मातीतून वाफ निघायची, वहिनीच्या पाठीला ऊब लागायची, ती पदर खांद्यावरून थोडा सैल करायची. वाया गेलं म्हणायची माझी काही हिंमत झाली नाही.

हरभरा निघाला. मळणी झाली. रास उभी राहिली आणि एक नजर टाकली तरी कळत होतं. दादाच्या हातच्यापेक्षा कमी. फार नाही, पण कमी.

दादा आला. राशीत हात घातला, दाणा दाताखाली फोडला. मी मधे उभा, तारखात्यासारखा. वहिनीनं पदर पुढे ओढला होता आणि तिची बोटं एकमेकांत गुंतली होती.

आणि मी एक अशी गोष्ट केली जी मी त्याआधी कधी केली नव्हती. मी खरं बोललो. "दादा, कमी आलं ते माझ्यामुळं. धाटं मी उपटायला लावली. पाखरं मी हाकलली. वैनीचं बरोबर होतं."

दादा माझ्याकडे बघून हसला, मायेनं. "मास्तर, तुझं मन मोठं हाय. पर त्यांच्यासाठी एवढ्या लंब्या सोडू नको. पाखरानं पीक वाचतंय म्हणं!"

जन्मभर थापा मारलेल्या माणसाला ही शिक्षा असते. दहातलं एक खरं बोललो आणि तेही वाटेत उडून गेलं.

मग वहिनीनं डोक्यावरचा पदर नीट केला. माझ्याकडे बघितलं नाही. "दादा," ती म्हणाली. थेट. दादा दचकला, ती या घरात आल्यापासूनच्या सतरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या कानावर तिचा आवाज मला वळसा न घालता पडत होता. "चला माज्या संगं."

ती पुढे, दादा मागे, मी त्याच्या मागे. ओढ्याकडच्या कोपऱ्यात ते एक धाट उभं होतं, आता कणसानं वाकलेलं. आणि त्याच्याभोवती अंगणाएवढा हरभरा, न काढलेला. सगळं वावर मोकळं आणि कोपऱ्यात तो एक गोल. तिनं मुद्दाम ठेवला होता. मला सांगितलंही नव्हतं.

"हे माज्या हातचं," वहिनी म्हणाली. "बाकीचं भावजींच्या हातचं."

दादा खाली बसला. एक झाड हातात घेतलं, घाटे सोलत गेला. दोन दाणे, एक दाणा, दोन दाणे. भरलेले. दुसरं झाड. तिसरं. बराच वेळ तो उठलाच नाही. उठला तेव्हा गुडघ्यावरची माती झटकली आणि तोही माझ्याकडे न बघता, भिंत नसल्यामुळे ओढ्याकडे बघत म्हणाला, "पुढल्या साली पुऱ्या वावरात तुमच्याच हातचं होऊ द्या, सुमनबाई."

मग त्यानं कणसाला हात घातला. "बियाला नेतो. माझ्याही हरभऱ्यात टाकीन म्हणतो."

"अर्धं," वहिनी म्हणाली. "अर्धं त्या पाखराचं हाय."

दादानं अर्धंच मोडून घेतलं.

आता गाडेवाल्यापुढे उभा राहून मी ढाळ्याचा एक घाटा सोलतो. वहिनी अजून तेच वावर करते; केस पांढरे झालेत, बियातली मूठभर ज्वारी चुकत नाही. दादाशी थेट बोलते, भांडतेही. मला मधे कोणी उभं करत नाही. मधल्या माणसात फार जातं, हे त्या घराला एकदा कळलं ते कळलं.

मी तुम्हाला आज दहा गोष्टी सांगितल्या. म्हशीचं लोणी, हिंगोलीला गेलेली कबुतरं, माझे न बोलणारे दात. त्यातल्या नऊ हवेत सोडून द्या, कुठं तरी ऊब देतील. पण परभणीहून ताडकळसकडे जाताना, थंडीच्या दिवसांत, हिरव्या हरभऱ्यात मधेच एखादं ज्वारीचं धाट उभं दिसलं आणि त्यावर काळं, दुभंगल्या शेपटीचं पाखरू बसलेलं असलं, तर गाडी हळू करा. हॉर्न वाजवू नका. ते तेवढं खरं आहे.